शत्रू वगळून शिवचरित्र कसे शिकवणार?

गेल्या काही आठवड्यांपासून आपल्या सभासदांमध्ये एक निवेदन फिरते आहे. सहावी ते आठवीच्या मुलांना सुलतान, बादशहा आणि निजाम यांचा इतिहास शिकवणे बंद करावे, निदान दोन-चार ओळींत आटोपावे आणि ती जागा आपल्या राजांना द्यावी, अशी मागणी त्यात आहे. शाळांनी गोवळकोंड्याच्या सहली काढू नयेत, असेही एक कलम आहे. निवेदनावर बऱ्याच ज्येष्ठांच्या सह्या झाल्या आहेत. आमच्याकडेही कागद आला. आम्ही सही केली नाही आणि करणारही नाही. का, ते मोकळेपणाने सांगणे हे आमचे कर्तव्य आहे. मागे कुजबुज करण्यापेक्षा पत्रिकेत लिहिलेले बरे.

आधी एक गोष्ट मान्य करू. निवेदन काढणाऱ्यांचा राग अगदीच बिनबुडाचा नाही. आपल्यापैकी अनेकांनी शाळेत दिल्लीच्या गुलाम घराण्यापासून लोदी घराण्यापर्यंतची नावे घोकली. त्याच पुस्तकांत सातवाहनांना एक परिच्छेद होता आणि देवगिरीचे यादव अल्लाउद्दीन खिलजीने लुटण्यापुरते यायचे. मराठ्यांच्या दीडशे वर्षांच्या कर्तृत्वाला दोन पाने मिळाली तर भाग्य. दिल्लीत जे घडले तो भारताचा इतिहास आणि दक्षिणेत घडले तो परिशिष्टात, असा प्रकार वर्षानुवर्षे चालला. हा अन्याय होता आणि त्याविरुद्ध बोललेच पाहिजे. पण जेवणात मीठ कमी पडले म्हणून कोणी भात फेकून देत नाही.

काय काय घडले

वाद आजचा नाही. २०१७ साली महाराष्ट्रात बालभारतीच्या सातवीच्या नव्या इतिहासात मोगलांना कात्री लागली तेव्हा मोठा गदारोळ झाला. महाराष्ट्र केंद्रस्थानी ठेवून इतिहास लिहिला आहे, अशी बाजू अभ्यास समितीचे अध्यक्ष सदानंद मोरे यांनी मांडली. नंतर केंद्राच्या एनसीईआरटीने अभ्यासक्रमाचा भार कमी करायचा म्हणून सातवीच्या पुस्तकातून सुलतानांच्या काळाची काही पाने आणि मोगल बादशहांच्या कारकिर्दीचा तक्ता काढला. बारावीचा मोगल दरबारावरचा धडाही २०२३च्या छापील पुस्तकात राहिला नाही. एप्रिल २०२५ मध्ये सातवीचे नवे पुस्तक आले. त्याच्या पहिल्या भागात मगध, मौर्य, शुंग, सातवाहन होते आणि दिल्लीचे सुलतान व मोगल नव्हते. जुलै २०२५ मध्ये आठवीचे पुस्तक आले तेव्हा सुलतान आणि मोगल त्यात सापडले, आणि मराठ्यांना एक स्वतंत्र, भरघोस धडा मिळाला.

आठवीच्या या पुस्तकावर दोन्ही बाजूंनी टीका झाली. बाबर क्रूर होता असे लिहिले म्हणून एका बाजूला राग आला. त्याच वाक्यात तो सुसंस्कृत आणि जिज्ञासू होता असेही लिहिले म्हणून दुसऱ्या बाजूला राग आला. अकबराने १५६८ साली चितोडगड घेतल्यावर सुमारे ३०,००० लोकांची कत्तल करवली, हे त्यात आहे. पुढे त्याने सर्व धर्मांबद्दल सहिष्णुतेचे धोरण ठेवले, हेही आहे. त्या काळात जे घडले त्याला आजचा कोणीही माणूस जबाबदार धरता येणार नाही, अशी टीपही पुस्तकाने दिली आहे. आमच्या मते ही टीप योग्य आहे. मात्र ती मुलांना समजावून सांगायला शिक्षक हवा, घरचे मोठे माणूस हवे. नुसती छापून काम होत नाही.

याच पुस्तकातल्या एका नकाशाची गंमत मात्र मराठी माणसाने लक्षात ठेवावी. १७५९ सालचे मराठ्यांचे साम्राज्य दाखवताना जैसलमेरही त्यात रंगवले गेले. ऑगस्ट २०२५ मध्ये जैसलमेरच्या राजघराण्यातून तक्रार झाली की आमच्यावर मराठ्यांचे राज्य कधीच नव्हते. परिषदेला तज्ज्ञांची समिती नेमावी लागली. आपल्याला अभिमान वाटावा म्हणून नकाशा दोन बोटे वाढवला तर राजस्थानातल्या मुलाच्या वहीत आपण आक्रमक ठरतो. हा धडा त्या धड्याच्या बाहेरचा आहे, पण फार मोलाचा आहे.

महाराजांचे पत्र मुलाला कळणार कसे?

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. निवेदन म्हणते, बादशहा वगळा आणि शिवाजी महाराज शिकवा. आम्ही विचारतो, कसे?

महाराजांचे वडील शहाजीराजे निजामशाहीत होते, मग आदिलशाहीत गेले, मधल्या काळात मोगलांकडेही होते. निजामशाही म्हणजे काय आणि आदिलशाही कुठली, हे ज्या मुलाला माहीत नाही त्याला शहाजीराजांची धावपळ काय कळणार? अहमदनगरचा मलिक अंबर माहीत नसेल तर गनिमी काव्याची आणि दख्खनच्या जमीनमहसुलाची पूर्वपीठिका काय सांगणार? अफझलखान कोणाचा सरदार होता? पुरंदरचा तह १६६५ साली कोणाशी झाला? मोगलांकडून लढायला आलेला मिर्झाराजा जयसिंग हा राजपूत होता, मग तो तिकडे का होता? १६६६ साली महाराज आग्र्याला गेले ते कोणाच्या दरबारात, आणि तो दरबार एवढा मोठा का होता की तिथून सुटून येणे हा चमत्कार वाटावा? समोरचा पहिलवान केवढा होता ते झाकून ठेवले तर कुस्ती जिंकणाऱ्याचे मोठेपण कोणाला दिसणार?

याहून बोलके उदाहरण जिझियाचे आहे. अकबराने १५६४ साली जिझिया कर उठवला. औरंगजेबाने १६७९ साली तो पुन्हा लादला. त्याविरुद्ध शिवाजी महाराजांनी औरंगजेबाला फारसीत लिहिलेले म्हणून जे पत्र प्रसिद्ध आहे, त्यात महाराज काय करतात? ते बादशहाला त्याच्याच पणजोबाची, अकबराची आठवण देतात. सर्व पंथांना सारखे वागवून त्याने राज्य वाढवले आणि तुम्ही ते घालवता आहात, असा त्या पत्राचा रोख आहे. महाराजांना अकबराचे धोरण माहीत होते, त्याचा गौरव करण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही आणि तोच दाखला त्यांनी औरंगजेबाच्या तोंडावर फेकला. आपल्या निवेदनाप्रमाणे अकबर पुस्तकातून गेला तर महाराजांचे हे पत्र आपल्याच मुलाला अर्थहीन होईल. महाराजांच्या नावाने महाराजांचेच बोलणे पुसायचे, हा कुठला न्याय?

हैदराबादच्या मराठी माणसाचे काय?

हे झाले सर्व मराठी माणसांपुरते. आपण हैदराबादचे. आपला प्रश्न आणखी जवळचा आहे.

१६७७ साली दक्षिण दिग्विजयावर निघताना महाराज भागानगरला, म्हणजे याच आपल्या शहरात आले. अबुल हसन तानाशाहाने त्यांचे स्वागत केले, तह झाला, पैसा आणि तोफखाना मिळाला. हे घडवून आणणाऱ्यांत कुतुबशाहीचा प्रधान मादण्णा होता आणि आपल्या बाजूने प्रल्हाद निराजी आणि रघुनाथपंत हणमंते. मादण्णा आणि त्याचा भाऊ अकण्णा हे तेलुगू ब्राह्मण. शिया सुलतानाच्या राज्याचा कारभार त्यांच्या हाती होता. पुढे १६८६ साली मोगलांचे संकट दाराशी आले तेव्हा दरबारातल्या विरोधकांनी दोघा भावांना गोवळकोंड्याच्या रस्त्यावर ठार केले. १६८७ साली आठ महिन्यांच्या वेढ्यानंतर, आतल्याच एका सरदाराने दार उघडल्यामुळे, औरंगजेबाने गोवळकोंडा घेतला. तानाशाह दौलताबादच्या कैदेत गेला आणि तिथेच मेला. आदल्याच वर्षी विजापूर पडले होते. १६८९ साली औरंगजेबाने छत्रपती संभाजी महाराजांची अमानुष हत्या केली.

आता ही साखळी मुलाला पूर्ण सांगा. औरंगजेबाच्या धर्मवेडाचे आणि क्रौर्याचे एक अक्षरही लपवू नका. पण त्याच्या तलवारीने दोन मुसलमान राज्ये बुडाली, हेही सांगा. गोवळकोंडा वाचवण्यासाठी अखेरपर्यंत लढणारा अब्दुर्रझाक लारीही मुसलमान होता आणि बादशहाच्या फौजेत राजपूत आणि मराठे सरदारही होते, हेही सांगा. बारा-तेरा वर्षांचे पोर एवढे ऐकले की आपणच विचारते, ‘मग हे भांडण धर्माचे होते की राज्याचे?’ तो प्रश्न विचारला जाणे हेच इतिहास शिकण्याचे फळ. त्याचे उत्तर एका शब्दात नाही, आणि म्हणूनच तो शिकवायचा.

असे असताना गोवळकोंड्याची सहल बंद करा म्हणणे म्हणजे कमाल आहे. ज्या फतेह दरवाज्यातून मोगल आत आले तो दरवाजा तिथे आहे. अकण्णा-मादण्णांच्या कचेऱ्या म्हणून दाखवतात त्या इमारती तिथे आहेत. भद्राचलमचे रामदास ज्या कोठडीत होते असे सांगतात ती कोठडी तिथे आहे. किल्ल्यावर जगदंबेचे देऊळ आहे आणि आषाढात शहरातल्या बोनालूची सुरुवात तिथूनच होते. हे सारे मुलांना दाखवायचे नाही तर काय दाखवायचे, हायटेक सिटी?

राहिला आपल्या घराण्यांचा प्रश्न. आपण या शहरात आलो कसे? सुलतान बाजार, काचीगुडा, गौलीगुडा, शालीबंडा या भागांत मराठी वस्ती का झाली? आपल्यापैकी कोणाचे पूर्वज देशपांडे-देशमुखीच्या वतनाच्या कामासाठी आले, कोणाचे दप्तरात लेखणी चालवायला, कोणाचे फौजेत, तर कोणाचे वकिली किंवा शिक्षकी करायला. राय रायाँ हे मराठी घराणे पिढ्यान्पिढ्या निजामाच्या दरबारी मराठवाड्याच्या महसुलाचे दप्तर सांभाळत होते. धनाजी जाधवांचा मुलगा चंद्रसेन आणि रावरंभा निंबाळकर हे निजामाच्या पदरी गेले. उलट निजामाकडे कवायती फौजेत तयार झालेला इब्राहिमखान गारदी मराठ्यांकडे आला आणि १७६१ साली पानिपतावर भाऊसाहेबांच्या बाजूने लढून प्राणाला मुकला. पहिला निजाम १७२४ साली साखरखेर्ड्याची लढाई जिंकून दख्खनमध्ये स्वतंत्र झाला. १७२८ साली पालखेडला बाजीरावाने त्याला कोंडीत पकडले आणि १७९५ साली खर्ड्याला मराठ्यांनी शेवटचा मोठा विजय मिळवला. हे सारे वगळले तर आपल्या नातवाला शाळेतल्या मित्राने ‘तुम्ही मराठी लोक हैदराबादला कसे?’ असे विचारल्यावर तो काय सांगणार? त्याच्याजवळ उत्तर नसेल तर उद्या दुसरा कोणीतरी त्याला ‘बाहेरचा’ ठरवायला कमी करणार नाही. आपला मुळाचा पुरावा आपणच जाळायला निघालो आहोत.

भाषेचेही तेच. आम्ही बँकेत कारकुनी करणारी माणसे. दिवसभर जमा, खर्च, बाकी, वसूल, रक्कम, हप्ता, मुदत, जामीन, अर्ज, तारीख, शिक्का, दप्तर या शब्दांवर आमचे पोट चालते. हे सारे शब्द फारसी-अरबीतून मराठीत आले. चिटणीस, फडणीस, पोतनीस या आडनावांतला ‘नीस’ फारसी आहे आणि ‘पेशवा’ हा शब्दही फारसीच. महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला आणि राज्यकारभारात संस्कृत प्रतिशब्द आणायचा प्रयत्न केला, हे आम्ही अभिमानाने सांगतो. पण तो कोश का लागला, हे मुलाला कळायचे तर आधी तीनशे वर्षांची बहमनी आणि शाही राजवट कळली पाहिजे. १३४७ साली स्थापन झालेल्या बहमनी राज्याचे नावच पुस्तकात नसेल तर कोशाचे कौतुक हवेत लटकते.

गोड करून सांगणाऱ्यांनाही चार शब्द

येथवर वाचून काही मंडळी खूश होतील. ‘बघा, आम्ही म्हणतच होतो, मध्ययुगात सगळे गुण्यागोविंदाने राहत होते, भांडणे इंग्रजांनी लावली.’ त्यांनी थांबावे. आमचा त्यांच्याशीही तितकाच वाद आहे.

१३२३ साली दिल्लीच्या फौजेने वरंगळ घेतले. काकतीयांच्या किल्ल्यातले स्वयंभू शिवाचे देऊळ उद्ध्वस्त झाले. आज चार तोरणे उभी आहेत आणि मधे भग्न दगड पडले आहेत. मुलगा विचारणारच, देऊळ कोणी पाडले? तेव्हा ‘काळाच्या ओघात नष्ट झाले’ असे सांगणारा शिक्षक खोटे बोलतो. १५६५ साली राक्षसतागडीच्या लढाईनंतर विजयनगरची राजधानी लुटली गेली, ती कोणी, हे सांगायलाच हवे. त्याबरोबर हेही सांगावे की लढाईतला एक विजेता इब्राहिम कुतुबशाह गादीवर येण्यापूर्वी सात वर्षे त्याच विजयनगरच्या आश्रयाला राहिला होता आणि तेलुगू कवी त्याला ‘मल्किभराम’ म्हणून गौरवत होते. दोन्ही खरे आहे. एक सांगून दुसरे गाळणारा, मग तो कोणत्याही बाजूचा असो, हिशेबात अफरातफर करतो.

गोड करून सांगण्याचा परिणाम काय झाला, तेही पाहावे. पाठ्यपुस्तकाने जे दडवले ते मुलाला पुढे मोबाइलवर मिळाले, आणि मिळाले ते दसपट तिखट करून. मग त्याला वाटले, शाळेने मला फसवले. एकदा हा समज झाला की खऱ्या इतिहासकारावरही त्याचा विश्वास राहत नाही. कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही, ही म्हण दोन्ही पक्षांनी आपापल्या भिंतीवर लिहून ठेवावी.

‘एवढ्या लहान वयात कशाला?’ असे काही आया विचारतात. त्यांची काळजी आम्हाला समजते. पण फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘छावा’ चित्रपट आला तेव्हा याच वयाची मुले आईबापांच्या शेजारी बसून तो पाहून आली. पुढच्याच महिन्यात, १७ मार्चला, खुलदाबादच्या औरंगजेबाच्या कबरीवरून नागपुरात दंगल झाली. मुलांनी तीही दूरचित्रवाणीवर पाहिली. त्याच खुलदाबादेत मलिक अंबरही आहे आणि पहिला निजामही आहे, हे किती मुलांना ठाऊक होते? सहा फूट जागेवरून अख्खे शहर का पेटते, हे शांतपणे समजावून सांगण्याची जागा वर्ग आहे. ती आपण मोकळी सोडली तर रस्ता ती भरून काढतो.

आरसा आपल्याही समोर धरावा लागेल

निवेदनाच्या पाठीराख्यांना आमचा एक सवाल आहे. आपल्याला इतिहासात फक्त खलनायक आणि फक्त देव हवे असतील तर इतर प्रांतांतल्या मुलांनी आपल्याला कुठे बसवावे?

१७४० च्या दशकात नागपूरकर भोसल्यांच्या फौजांनी बंगालवर वर्षामागून वर्षे स्वाऱ्या केल्या. तिथल्या गंगाराम कवीने त्या लुटीवर ‘महाराष्ट्र पुराण’ लिहिले आणि बंगाली आया आजही अंगाईत मुलांना ‘बर्गी’ येण्याची भीती घालतात. हे बर्गी म्हणजे आपणच. १७९१ साली टिपूवरच्या मोहिमेत पटवर्धनांच्या सैन्यातल्या लोकांनी शृंगेरीचा मठ लुटला, आणि मठाच्या जीर्णोद्धाराला मदत पाठवली ती टिपूने. म्हणून टिपू संत ठरत नाही. कुर्ग आणि मलबारात त्याने काय केले तेही पुस्तकात यावे. आणि शृंगेरीमुळे पटवर्धन राक्षस ठरत नाहीत. पण आपण ‘त्यांची पापे शिकवा, आमची गाळा’ म्हणू लागलो तर कोलकात्याच्या आणि मंगळूरच्या पालकांनाही तोच हक्क मिळतो. मग देशभर जितकी मंडळे तितकी पुस्तके होतील आणि प्रत्येकात शेजारी हा चोर असेल.

१९४८ चेही तसेच. रझाकारांचा जुलूम आपल्या घरांनी सोसला. गावे जळली, आजोबा-पणजोबा भूमिगत झाले किंवा सीमेपलीकडच्या छावण्यांत गेले. स्वामी रामानंद तीर्थ, गोविंदभाई श्रॉफ, अनंत भालेराव ही नावे आपल्या घरांत आजही घेतली जातात. हा इतिहास मुलांना शिकवाच. तो पुरेसा शिकवला जात नाही ही आमचीही तक्रार आहे. पण तो शिकवताना ‘इमरोज’चे संपादक शोएबुल्ला खान यांचे नाव घ्या. भारतात विलीन व्हा असे लिहिले म्हणून ऑगस्ट १९४८ मध्ये याच शहरात रझाकारांनी त्यांना मारले. आणि १७ सप्टेंबरनंतर उस्मानाबाद (आताचे धाराशिव), नांदेड, बीदर, गुलबर्गा या जिल्ह्यांत निरपराध मुसलमानांच्या कत्तली झाल्या, त्यांची चौकशी पंडित सुंदरलाल यांच्या समितीने केली आणि २७,००० ते ४०,००० माणसे मेली असावीत असा अंदाज दिला, हेही दडवू नका. तो अहवाल कित्येक दशके जनतेसमोर आला नाही. वाचताना आपल्याला त्रास होतो. व्हायलाच हवा. जो इतिहास फक्त दुसऱ्याला त्रास देतो तो आपण अर्धाच वाचलेला असतो.

१७ सप्टेंबरला काय म्हणावे यावरही एकमत नाही. २०२२ साली केंद्राने मुक्तिदिन म्हटले, राज्य सरकारने एकात्मता दिन म्हटले. २०२४ साली नव्या राज्य सरकारने प्रजापालन दिन म्हटले. पक्ष आपापल्या सोयीने पाट्या बदलतात. निदान मुलाला पाटीमागची घटना तरी ठाऊक असावी.

आपल्यातलाच एक आदर्श

हे जमणार नाही असे कोणी म्हणेल. आपल्याच माणसांनी ते करून दाखवले आहे. निलंग्याचे सेतुमाधवराव पगडी हैदराबाद संस्थानच्या नोकरीत होते. निजामी राजवट त्यांनी आतून पाहिली. उर्दू-फारसी त्यांनी अशी आत्मसात केली की औरंगजेबाच्या दरबारची बातमीपत्रे, भीमसेन सक्सेना, खाफीखान यांचे लेखन मराठीत आणून ठेवले. शत्रूच्या दरबारात आपल्याविषयी काय बोलले जात होते, हे मराठी वाचकाला त्यांच्यामुळे कळले. त्यामुळे शिवाजी महाराज लहान झाले का? उलट औरंगजेबाच्या छावणीतल्या माणसाने नाइलाजाने केलेली मराठ्यांची स्तुती वाचली की छाती अधिक फुगते. तिकडे पुण्यात ग. ह. खरे यांनीही फारसी साधनांसाठी असेच आयुष्य वेचले. फारसी शिकून शत्रूचे कागद वाचणारे आपले पूर्वसूरी, आणि शत्रूचे नाव पुस्तकात नको म्हणणारे आपण!

आणि राज्याकडे पाहा. २०१४ साली तेलंगण झाले तेव्हा राज्याच्या बोधचिन्हात काकतीयांची कमान आणि कुतुबशाहांचा चारमिनार दोन्ही घेतले गेले. ज्या सुलतानीने काकतीय बुडवले त्यानंतरच्या राजवटीचा चारमिनार आणि ते काकतीय, एका चिन्हात. दोन्ही शिकल्याशिवाय मुलाला आपल्या राज्याचे चिन्हसुद्धा वाचता येणार नाही.

आमचे म्हणणे

तेव्हा फिरणारे निवेदन मागे घ्यावे आणि त्याऐवजी मंडळाने पुढील मागण्या कराव्यात, अशी आमची सूचना आहे.

एक, सहावी ते आठवीच्या इतिहासात बहमनी, कुतुबशाही, निजामशाही, आदिलशाही, मोगल आणि आसफजाही यांचा क्रमवार इतिहास राहावा. त्याच्या बरोबरीने सातवाहन, यादव, काकतीय, विजयनगर आणि मराठे यांची जागा वाढवावी. कोणाचे काढून कोणाला देऊ नये.

दोन, देवळे पाडणे, जिझिया, कत्तली हे जसे घडले तसे साल-ठिकाणासह द्यावे. त्याचबरोबर कारभार, सिंचन, भाषा, कला हेही द्यावे. आधी घटना यावी, विशेषणे मुलाला स्वतः लावू द्यावीत.

तीन, हैदराबादच्या शाळांनी वर्षातून एकदा गोवळकोंडा आणि वरंगळ दोन्ही दाखवावेत. तारनाक्याच्या राज्य पुराभिलेखागारात शहाजहान-औरंगजेबाच्या काळातले फारसी कागद आहेत. आठवीच्या मुलांना एकदा ते दुरून तरी पाहू द्यावेत.

चार, मराठी इतिहासाचे जे शाळेत येत नाही ते आपण शिकवावे. इसामिया बाजारच्या मराठी ग्रंथसंग्रहालयासारखी जागा आपल्या शहरात आहे. महिन्यातला एक रविवार, दहा-पंधरा मुले आणि एक जाणकार, एवढे पुरे. सरकारला पत्र लिहिण्यापेक्षा हे अवघड आहे, कारण इथे सही करून भागत नाही, वेळ द्यावा लागतो.

निवेदनावर सही करणारे आमचे वडीलधारे आहेत. त्यांच्या निष्ठेबद्दल आम्हाला शंका नाही. पण पुढच्या सभेत हा कागद मंडळाच्या नावाने पुढे पाठवायचा ठराव आला तर आम्ही उभे राहून विरोध करू आणि तो विरोध कार्यवृत्तात नोंदवावा असा आग्रह धरू. ज्यांना पटते त्यांनी सभेला यावे. ज्यांना पटत नाही त्यांनी तर अवश्य यावे, आणि येताना आपल्या घरचे सातवी-आठवीतले एखादे मूल बरोबर आणावे. निर्णय त्याच्या पुस्तकाचा आहे, त्यालाही ऐकू द्या.